मोरचूद प्यायलेलं लाकूड

श्रीमंत गर्जे शेवगावच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं नोकरीला होते, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. हुद्दा परिचराचा. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, पोरांनी सांडलेलं ॲसिड पुसायचं, हे काम. पण वस्तीवर त्यांना सगळे 'सर' म्हणायचे. पहिल्यांदा कुणीतरी तसं म्हणालं तेव्हा ते खुलासा करणारच होते, तेवढ्यात एस.टी. आली आणि राहून गेलं. पुढच्या एकतीस वर्षांत काही सवड झाली नाही. हे आता ते स्वतःच सांगतात. पूर्वी सांगत नसत.

रिटायर झाल्यावर कुणी देवधर्माला लागतं, कुणी सोसायटीच्या राजकारणात शिरतं. सर मोबाईलला लागले. सकाळी चहा झाला की ओट्यावर बसायचं आणि जगात कोण काय कसं बांधतंय ते बघायचं. कुणी परदेशात घरामागे लाकडी मांडव उभा करतंय, कुणी तळ्याकाठी लाकडी धक्का ठोकतंय. दुपारपर्यंत सरांचं मत तयार असे. ते ऐकायला ओट्यावर सहसा फक्त चांगुणाबाई असत, आणि त्याही शेंगा फोडत असत.

चांगुणाबाई म्हणजे सरांच्या मंडळी. त्यांचा सगळा जीव शेळ्यांत. जामखेडकडच्या माहेराहून आणलेल्या एका करडापासून वाढवत वाढवत अकरा उस्मानाबादी शेळ्या झाल्या होत्या, काळ्याभोर, लांब कानांच्या. नावं त्यांनीच ठेवलेली, बाळंतपणं त्यांनीच केलेली. एखादी शेळी रवंथ करायची थांबली तर चांगुणाबाईंच्या घशाखाली घास उतरत नसे. सरांना ताप आला तर मात्र उतरायचा, हे सरांनी एकदोनदा नोंदवून ठेवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी सरांनी या शेळ्यांसाठी लाकडी माचाण बांधला. जमिनीपासून तीन हात उंच, तळाला पट्ट्या, पट्ट्यांमधल्या फटींतून लेंड्या खाली पडणार आणि शेळ्या वर कोरड्या राहणार. कल्पना चांगलीच होती. लाकूड निलगिरीचं, जसंच्या तसं, काही न लावता. निलगिरीत तेल असतं, वाळवी तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही, असं सरांनी मोबाईलवर पाहिलं होतं. वस्तीवरच्या वाळवीने ते पाहिलं नव्हतं. दीड वर्षात खांब आतून पोकळ झाले आणि एका दुपारी अख्खा तळ खाली बसला. दहा शेळ्या सुखरूप निघाल्या, मैनेचा पुढचा पाय मोडला. चांगुणाबाईंनी बांबूच्या कामट्या बांधून तो सांधला, पण मैना लंगडी ती लंगडीच राहिली. रोज सकाळी ती ओट्यासमोरून लंगडत चरायला जायची आणि सर त्या वेळी मुद्दाम चष्मा पुसायला काढायचे.

त्यावर चांगुणाबाई कित्येक महिने एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या त्या दिवाळीनंतर, सरांनी नव्या माचाणाचा विषय काढला तेव्हा, भाकरी थापता थापता.

"बांधा. पर एकदाच सांगते. या खेपंला माझ्या एका बी शेळीला काय झालं, तर म्या समद्या शेळ्या घेऊन भावाकडं जाते. तुमी ऱ्हावा तुमच्या लाकडात."

आवाज चढवून सांगितलं असतं तर सरांनी मनावर घेतलं नसतं. पण त्यांनी ते तव्यावरची भाकरी उलटताना सांगितलं, आणि भाकरी नीट फुगली. त्यावरून सरांना कळलं की बाई जाणार म्हणजे जाणार.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ मिस्त्रींना बोलावणं गेलं. वस्तीवरचे सुतार तेच. त्यांनी ओट्यावर बसून आधी तंबाखू मळली, मग बांधाकडे हात केला.

"सर, त्या कडंला जुनी बाभळ हाय. अंधाऱ्या पाखात तोडू, दोन-अडीच महिनं पान्यात बुडवून ठिवू, मंग सावलीत वाळवू. खांबाखाली दगड बसवू, म्हंजी माती लागत न्हाई. वरनं काय लावायचं कामच न्हाई."

"अंधाऱ्या पक्षातच का?"

"किडा लागत न्हाई."

सर हसले. अशा वेळी ते जे हसत, त्याची आठवण झाली की आजही त्यांचे कान गरम होतात. "मिस्त्री, चंद्र इथून पावणेचार लाख किलोमीटरवर आहे. त्याला तुमच्या बाभळीचं काय पडलंय?"

"त्ये मला न्हाई म्हाईत. माझा बाप तोडायचा तसं तोडतो मी."

"तिथंच तर आपण मागं राहिलो." आणि सरांनी समजावून सांगायला घेतलं. उघड्यावर बांधायचं तर लाकूड दोन प्रकारचं, ट्रीटेड आणि अनट्रीटेड. निलगिरी कोसळली ती निलगिरीचा दोष म्हणून नव्हे, तर अनट्रीटेड होती म्हणून. तेच हलकं लाकूड घ्यायचं, त्याला औषध पाजायचं, की वाळवी, बुरशी, घुण, कुणाची टाप नाही. सगळं जग आता असंच करतं. सरांनी मोबाईलवर जग काढून दाखवलं. मिस्त्रींनी ते लांब धरून पाहिलं आणि परत दिलं.

"औषद म्हंजी काय?" चांगुणाबाईंनी दारातून विचारलं.

"मोरचूद आणि टाकणखार."

"डाळिंबावर फवारत्यात त्येच मोरचूद?"

"तेच. पण मापात."

"शेळ्या लाकूड चाटत्यात. खारट लागलं तर जास्तच चाटत्यात."

"अगं, ते लाकडात मुरतं. बाहेर येत नाही. रासायनिक बंध असतो तो."

'रासायनिक बंध' हे शब्द सरांनी कॉलेजात प्राध्यापकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले होते की त्यांचा अर्थ विचारायची कधी वेळच आली नाही. घरात हे शब्द उच्चारले की सगळे गप्प होत. सर त्याला होकार समजत.

माघ महिन्यात काम सुरू झालं. सरांनी घरामागे लांबलचक चर खणून घेतला, आबासाहेबांच्या शेततळ्याचा उरलेला प्लॅस्टिकचा काळा कागद मागून आणून त्यात अंथरला, आणि पिंपाने पाणी ओतून त्यात मोरचूद आणि टाकणखार कालवलं. आबासाहेब म्हणजे शेजारचे बागायतदार, विहीर आणि शेततळं दोन्ही असलेले, आणि कुणाचंही काम बांधावर उभं राहून बघण्याची आवड असलेले. त्यांनी विचारलं, "सर, हा निळा हौद कशाला?" सरांनी त्यांना पाऊण तास सांगितलं. अंगात पांढरा कोट होता. एकतीस वर्षं नोकरीत खाकी घातली, पांढरा कोट त्यांनी रिटायर झाल्यावर स्वतः विकत घेतला होता.

निलगिरीचे खांब आणि पट्ट्या बारा दिवस त्या निळ्या पाण्यात पडून होत्या. सर रोज उठून पाण्यात काठी घालून बघत, वहीत काहीतरी लिहीत, पुन्हा बघत. बाहेर काढलं तेव्हा लाकूड हिरवट-निळं झालं होतं आणि वाळताना त्यावर बारीक भुरा आला होता. सरांना तो फार देखणा वाटला. उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी परसातल्या लिंबाला घातलं, बुरशी लागणार नाही म्हणून. आठवड्याभरात लिंबाची सगळी पानं गळाली. ही ऋतू बदलतानाची पानगळ आहे, असं सरांनी घरात सांगितलं.

माचाण उभा करायला मिस्त्रीच आले. हिरव्या लाकडाला हात लावताना ते हाताला फडकं गुंडाळत, आणि जेवायच्या आधी दोनदा हात धूत. सरांनी त्यांना याबद्दल चिडवलंही. फाल्गुन संपता संपता माचाण तयार झाला, आणि खोटं कशाला बोला, चांगला झाला. चौकट मजबूत, कठडा कमरेइतका, वर पत्रा, चढायला उतरतं फळकूट. सर त्याच्या भोवती दिवसातून सातआठ चकरा मारत. आपण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलं, नुसतं धुतलं-पुसलं नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

शेळ्या चढवायच्या पाडव्याला, असं ठरलं. सरांनी माचाणाला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. ते दोन शेळ्यांनी खालूनच, मागचे पाय टेकून, पाहता पाहता खाऊन टाकलं. तोरण संपल्यावर त्यांतली एक खांबाकडे वळली. चांगुणाबाईंनी तिला कान धरून मागे ओढलं आणि फळकुटासमोर उभ्या राहिल्या.

मिस्त्री आले होते, आबासाहेब आले होते, वस्तीवरच्या चारपाच बायका आल्या होत्या.

"चाटलं तर काय होनार न्हाई, नक्की ना?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"किती वेळा सांगू? नाही होणार."

"मंग तुमी चाटून दावा."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पदर खोचलेला, नजर सरळ सरांच्या तोंडावर. आता सरांना बरंच काही बोलता आलं असतं. पण चार लोक बघत होते, अंगात पांढरा कोट होता. ते खांबापाशी गेले आणि खालून वर, चांगली वीतभर जागा चाटली.

तोंडात तांब्याची चव पसरली. "थोडं तुरट आहे," सर म्हणाले, "बाकी काही नाही." आबासाहेबांनी मोबाईल काढला आणि म्हणाले, "सर, घेताना हललं. परत एकदा." सरांनी परत एकदा चाटलं. मग बाजू नीट दिसत नव्हती म्हणून कठड्यावर तिसऱ्यांदा. भुरा ओठांना लागला होता तो त्यांनी जिभेनेच पुसला.

दहा मिनिटांनी ते माचाणाखाली ओकत बसले होते. जे बाहेर येत होतं ते निळसर होतं. पोटात कुणी सुंभ पिळावा तशी कळ यायला लागली, आणि त्या कळीत त्यांना स्पष्ट आठवलं की प्रयोगशाळेत मोरचुदाच्या बरणीवर लाल अक्षरांत 'विष' अशी चिठ्ठी होती. ती त्यांनी स्वतः, आपल्या हाताने, दर दोन वर्षांनी नवी डकवली होती.

आबासाहेबांच्या गाडीतून शेवगावच्या दवाखान्यात नेलं. नळी घालून पोट धुतलं, सलाईन लावलं. पोटात विष गेलेला माणूस आला की दवाखान्यातून पोलिसांना कळवतात, हे सरांना ठाऊक नव्हतं. संध्याकाळी एक हवालदार खाटेशेजारी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी कागद काढला.

"काय घेतलं?"

"मोरचूद."

"घरात वाद?"

"आहे. म्हणजे, होता."

"कशावरून?"

"लाकडावरून."

हवालदारांनी मान वर केली. "लाकडानं कुणी कुणाला मारलं?"

दाराबाहेर, बाकावर चांगुणाबाई बसल्या होत्या. त्यांच्याच बाकावरच्या दोन बायका त्यांच्यापासून थोड्या सरकून बसल्या होत्या आणि एकमेकींच्या कानाला लागत होत्या. नवऱ्याला या थराला नेणारी बाई कशी असते, ते त्या बघत होत्या. चांगुणाबाईंनी मान खाली घातली होती. ते दिसलं आणि सरांना लाज वाटली, अगदी खरी, पोटातल्या कळीपेक्षा वाईट. ते उठून बसले आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कुणी मारलं नाही. मी खांब चाटला. शेळ्यांच्या गोठ्याचा. मीच त्याला मोरचूद पाजलं होतं आणि काही होत नाही हे दाखवायला मीच चाटला. तीन वेळा."

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा कुशीवर वळून सरांकडे बघायला लागला.

"स्वखुशीनं?" हवालदारांनी विचारलं.

"स्वखुशीनं."

हवालदारांनी लिहिलं, आणि वाचून दाखवलं: सदर इसमाने गोठ्याचा खांब स्वखुशीने तीन वेळा चाटला. सरांनी खाली सही केली. सवयीने अक्षर चांगलं आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना घरी सोडलं. चांगुणाबाई शेळ्यांसाठी सकाळीच पुढे आल्या होत्या. सर गाडीतून उतरले आणि त्यांनी समोर पाहिलं, तर शेळ्या माचाणावर. अकराच्या अकरा. दोघी कठड्याला तोंड लावून तो खरवडत होत्या. सर पोटाला हात लावून धावले.

जवळ गेल्यावर त्यांना दिसलं की कठडा हिरवा नव्हता. तांबूस होता, जड, गाठीगाठीचा. तळाच्या पट्ट्याही तशाच. हिरवे राहिले होते ते फक्त जमिनीत रोवलेले खांब, आणि त्यांनाही शेळीचं तोंड पोचेल तिथपर्यंत पत्रा ठोकलेला होता. काढलेल्या हिरव्या पट्ट्या रस्त्याकडेच्या कुंपणाला लागल्या होत्या, शेळ्या जात नाहीत त्या बाजूला. चांगुणाबाई माचाणाखाली लेंड्या झाडत होत्या.

"ही बाभळ ना?" सरांनी विचारलं.

"व्हय. मिस्त्रींनी दोन दिवसांत बशिवली."

"पण वाळलेली बाभळ दोन दिवसांत कुठून आली?"

"आबासाहेबांच्या हिरीत बुडवून ठिवल्याली. मार्गशीर्षात तोडली, अंधाऱ्या पाखात. मंग त्येंच्याच छपरात वाळत हुती."

सरांनी मनातल्या मनात महिने मोजले. मोरचूद त्यांनी माघात आणलं होतं. म्हणजे ते निळ्या पाण्यात काठी घालून बघत होते तेव्हा बाभळ भिजून छपरात जायला निघाली होती. पाऊण तास ऐकून घेणाऱ्या आबासाहेबांना ते ठाऊक होतं. हाताला फडकं गुंडाळणाऱ्या मिस्त्रींना ठाऊक होतं.

"म्हणजे तुझ्या शेळ्या माझ्या लाकडावर चढणारच नव्हत्या?"

"न्हाई."

"मग मला करू का दिलंस? दोन महिने?"

चांगुणाबाईंनी खराटा भिंतीला टेकवला. "रिटायर झाल्यापासनं तुमी निस्ते मोबाईलकडं बगत बसायचा. जेवताना बी. काय बोललं तरी हूं म्हनायचा. काम लागलं तसं दोन भाकरी खायला लागला. घामाघूम होऊन घरात यायचा, पानी मागायचा. लई दिसांनी तुमी मला पानी मागितलं. म्हनलं, करू द्यावं."

हे ऐकून सरांना राग यायला हवा होता. तो आला नाही. त्यांना आपला पांढरा कोट डोळ्यांसमोर दिसला, चराच्या कडेला वही घेऊन उभा असलेला, आणि त्याच्याकडे दारातून बघणारी बायको दिसली. ती हसत नव्हती, हे आता त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

"आणि चाटायला का सांगितलंस?"

चांगुणाबाईंनी पदराने तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं.

"मला वाटलं, तवा तरी थांबाल. तुमी येवडंच म्हनायचं हुतं, 'मला नक्की म्हाईत न्हाई'. लोकांम्होरं न्हाई, माझ्या कानात म्हनला असता तरी चाललं असतं. म्या मिस्त्रींना तितंच हाक मारनार हुते." त्यांचा आवाज फाटला. "तर तुमी चाटलं. आन् वरनं आनखी दोनदा. दवाखान्यात माझ्या तोंडात पान्याचा थेंब गेला न्हाई दोन दिस."

सर माचाणाच्या फळकुटावर बसले. त्यांना बोलायला जे सुचत होतं ते सगळं पाठ केलेलं होतं. वर शेळ्या बाभळीची साल कुरतडत होत्या.

"मला म्हाईत नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"चाटलं तर काय हुतं ते. त्यो रासायनिक बंध काय असतो त्ये बी. मला कदीच म्हाईत नव्हतं."

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग वरून एका शेळीला कान धरून फळकुटावरून खाली आणलं आणि तिचं दावं सरांच्या हातात दिलं.

"धरा हिला घट्ट," त्या म्हणाल्या. "दूध काढायचंय."